पालिकेत भाषेची सोय करायची, तर पैसा आधी कुठे घालावा?

अमेरिकेतल्या शहरांच्या कारभारात आता आपली मंडळीही दिसू लागली आहेत. कुणी लायब्ररीच्या बोर्डावर असतं, कुणी नियोजन समितीवर, कुणी थेट सिटी कौन्सिलवर निवडून येतं. अशा प्रत्येकासमोर एक विषय कधी ना कधी येतो: ज्या रहिवाशांना इंग्रजी नीट येत नाही, त्यांच्यासाठी पालिकेने काय करायचं? पर्याय बहुधा पाच असतात. दोन भाषा येणारे कर्मचारी नेमायचे, फोनवरच्या दुभाष्यांचा करार करायचा, फॉर्म आणि नोटिसा भाषांतरित करून घ्यायच्या, वेबसाइटवर यंत्र-भाषांतराचं बटण बसवायचं किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना हाताशी धरायचं. पैसा मात्र एक-दोन गोष्टींपुरताच असतो.

माझं मत आधीच सांगते. छोट्या-मध्यम शहराने पहिला पैसा फोनवरच्या दुभाष्यात आणि काउंटरवरच्या माणसांच्या प्रशिक्षणात घालावा, त्यानंतरचा सर्वांत मोठ्या भाषागटासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यात. बटण सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात बरेचदा याच्या उलट होतं, कारण बटण एका दुपारी बसतं आणि बैठकीत पडद्यावर दाखवता येतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण बैठकीत कुणीतरी विचारणारच. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करता येत नाही. १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि भाषेची अडचण या कलमाशी जोडली गेली. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या १३१६६ क्रमांकाच्या आदेशाने ही जबाबदारी सविस्तर मांडली. मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा घोषित करताना तो आदेश रद्द केला. मूळ कायदा जागेवर आहे, पण वरून येणारा रेटा ओसरला. त्यात २००१च्या ‘अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हल’ निकालापासून, हेतू नसताना घडलेल्या भेदभावाबद्दल एकट्या नागरिकाला या कलमाखाली दावा लावता येत नाही. म्हणून शहराने स्वतः केलेल्या ठरावाला आज पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे.

ठराव करताना उंबरठा कुठे ठेवायचा, म्हणजे किती लोक असले की त्यांच्या भाषेत सेवा द्यायची, यात शहरांमध्ये बराच फरक दिसतो. वॉशिंग्टन डीसीचा २००४चा कायदा सेवा घेणाऱ्या लोकांच्या ३ टक्के किंवा ५०० व्यक्ती, यांतला जो आकडा लहान असेल तो धरतो. सॅन फ्रान्सिस्कोत हा आकडा १०,००० रहिवासी होता, तो २०२४मध्ये ६,०००वर आणला गेला. न्यूयॉर्कने २०१७च्या स्थानिक कायद्याने दहा भाषा ठरवल्या. त्यांत बंगाली आणि उर्दू आहेत. हिंदी नाही, मराठी नाही. उंबरठा कुठेही ठेवला तरी लहान भाषा त्याच्या बाहेर राहतात. पर्याय निवडताना बाहेर राहिलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कर्मचारी की फोन?

खरी निवड या दोघांमध्ये असते, म्हणून इथे जरा थांबू.

दोन भाषा येणारा कर्मचारी काउंटरवर असला की काम झरझर होतं. त्याला नियम माहीत असतात, कुठला कागद राहिलाय ते तो समोरच्याच्या भाषेत सांगतो, आणि माणूस दुसऱ्यांदा आला तर ओळखतो. परदेशातून आलेल्या, सरकारी इमारतीत पाऊल टाकायलाच बिचकणाऱ्या माणसासाठी ही ओळख मोलाची असते. यंत्राला किंवा फोनवरच्या आवाजाला ते जमत नाही.

तोटे कमी बोलले जातात. हा कर्मचारी एकाच भाषेचा असतो आणि रजेवरही जातो. त्याहून मोठं म्हणजे त्याला स्वतःचं काम सोडून इतर खात्यांत बोलावलं जातं: ‘जरा इकडे ये, या बाईंना समजावून सांग.’ त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत आणि त्याच्या टेबलावर फाइली साचतात. शिवाय घरी स्पॅनिश बोलणाऱ्याला सुनावणी, दंड, अपील यांची भाषा येतेच असं नाही. म्हणून ही वाट धरलीत तर दोन अटी घाला. भाषेची चाचणी आधी घ्या, आणि चाचणी उत्तीर्ण होणाऱ्याला पगारात वाढीव भत्ता द्या. भत्ता नसेल तर चांगली माणसं ही जबाबदारी लपवू लागतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

फोनवरच्या दुभाष्याची व्यवस्था अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत उभी राहिली. पोलिसांना व्हिएतनामी निर्वासितांशी बोलता येत नव्हतं, त्या गरजेतून. ऑस्ट्रेलियात सरकारी सेवा त्याआधीच, १९७३मध्ये सुरू झाली होती. आज मोठे पुरवठादार दोनशेच्या वर भाषा देतात आणि बिल मिनिटांवर होतं. वापर नसेल तर खर्च जवळपास नसतो. छोट्या शहराला हेच परवडतं, कारण कोणत्या भाषेचा माणूस कधी दारात येईल याचा अंदाज कुणालाच नसतो.

पण करारावर सही झाली म्हणजे सेवा सुरू झाली असं नाही. समजा सत्तरीच्या एक मराठी आजी घराच्या करातल्या सवलतीसाठी आल्या आहेत. काउंटरवर भाषांचं कार्ड ठेवलेलं आहे, त्यावर प्रत्येक भाषेत तिच्याच लिपीत ‘मी ही भाषा बोलते’ असं छापलंय. आजी मराठीच्या ओळीवर बोट ठेवतात. कर्मचारी दुभाषा सेवेचा नंबर फिरवते, आपल्या खात्याला मिळालेला कोड देते, ‘मराठी’ म्हणते आणि थांबते. दुभाषा आपला ओळख क्रमांक सांगतो. इथून पुढे तिने आजींकडे बघून विचारायला हवं, ‘तुम्ही या घरात कधीपासून राहता?’ दुभाष्याला उद्देशून ‘त्यांना विचारा, त्या कधीपासून राहतात’ असं नव्हे. एका वेळी एकच वाक्य, मग थांबायचं. आणि फोन स्पीकरवर टाकला तर आजींचं उत्पन्न मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जातं. त्यासाठी दोन रिसीव्हर असलेला फोन मिळतो. एक कर्मचाऱ्याच्या कानाला, दुसरा आजींच्या. किरकोळ खर्चाची वस्तू आहे, पण करार करताना ती कुणालाच आठवत नाही.

कर्मचाऱ्याला हा कोड माहीत नसेल तर काय होतं? ‘पुढच्या वेळी इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी घेऊन या.’ मग आजी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन येतात, आणि आजीचं उत्पन्न, आजोबांचं आजारपण, थकलेली बिलं हे सगळं त्या पोराच्या तोंडून जातं. हे आपल्या घरांतही होतं आणि आपण त्याचं कौतुकही करतो. करू नये. आरोग्यसेवेत तर ‘अफोर्डेबल केअर’ या आरोग्यविम्याच्या कायद्याच्या १५५७ व्या कलमाखालील नियमांनी, आणीबाणी सोडली तर, अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेण्यास मनाई केली आहे. तोच नियम शहराने स्वतःच्या सगळ्या खात्यांना लावावा.

फोनच्याही मर्यादा आहेत. लांबलचक सुनावणी, कौटुंबिक हिंसेची तक्रार, ऐकू कमी येणारी व्यक्ती, अशा वेळी समोर बसलेला माणूसच हवा. दुर्मीळ भाषेचा दुभाषा लगेच मिळेलच असंही नाही, काही वेळा वेळ आगाऊ ठरवावी लागते. आणखी एक गोष्ट: देशावरून भाषा ठरवू नका. ग्वाटेमालाहून आलेल्या अनेकांची मातृभाषा माम किंवा किचे असते, तरी त्यांच्यापुढे स्पॅनिश दुभाषा उभा केला जातो. ते मान डोलावतात आणि चुकीच्या कागदावर सही करून जातात. भारतीय चेहरा दिसला की हिंदी लावून देणं हा त्यातलाच प्रकार.

लेखी भाषांतर आणि वेबसाइटचं बटण

सगळंच भाषांतरित करायला गेलात तर पैसे संपतील. माणसाचं काही जाऊ शकतं अशी पत्रं आधी घ्या: पाणी तोडण्याची नोटीस, दंड, सुनावणीची तारीख, अपिलाची मुदत, घर रिकामं करण्याचा आदेश. त्यानंतर अर्जाचे फॉर्म. महापौरांचा संदेश आणि उद्घाटनाची बातमी इंग्रजीत राहिली तरी कुणाचं बिघडत नाही. मूळ इंग्रजी मजकूर आधी सोपा करून घ्या; वकिली इंग्रजीचं भाषांतर वकिलीच होतं. आणि भाषांतर कोण ताजं ठेवणार, ते त्याच दिवशी ठरवा. शुल्क बदललं की इंग्रजी पान त्या आठवड्यात सुधारतं, इतर भाषांत जुना आकडा तसाच राहतो, आणि माणूस कमी पैशाचा चेक घेऊन रांगेत उभा राहतो.

वेबसाइटवरचं बटण फुकट किंवा जवळपास फुकट असतं, हे त्याचं आकर्षण. लायब्ररीच्या वेळा, कचऱ्याच्या गाडीचा वार एवढ्यापुरतं ते चालतं. पण पालिकेचा निम्मा महत्त्वाचा मजकूर पीडीएफमध्ये आणि चित्रांत असतो, त्याला हे बटण हात लावत नाही. पान मराठीत दिसतं, फॉर्म उघडला की इंग्रजी. हल्लीची यंत्रं पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली लिहितात, पण धोका त्यातच आहे. पूर्वी चूक विचित्र वाक्यामुळे दिसायची, आता सफाईदार वाक्यात लपते. आरोग्यसेवेसाठीच्या २०२४च्या केंद्रीय नियमांत यावर उपाय लिहिला आहे: मजकूर हक्कांसाठी किंवा लाभांसाठी महत्त्वाचा असेल, तर यंत्राचं भाषांतर पात्र माणसाने तपासलंच पाहिजे. ही अट तुमच्या ठरावात जशीच्या तशी घाला.

वस्तीतल्या संस्था

हा पर्याय अंदाजपत्रकात शेवटच्या ओळीत जातो, आणि आपत्तीत सर्वांत आधी आठवतो. सप्टेंबर २०२१च्या पहिल्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले. त्यांतले ११ तळघरांतल्या घरांत होते, बहुतेक शहराच्या क्वीन्स भागात, जिथे जगभरातून आलेली कुटुंबं राहतात. मोबाइलवर येणारे आणीबाणीचे इशारे तेव्हा फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये निघत. नेपाळी किंवा चिनी बोलणाऱ्या घरात तो फोन वाजला असेल, पण त्यातलं कळलं किती असेल? भाषेच्या सोयीवर चर्चा करताना ही रात्र मी विसरू शकत नाही. मंदिर, मशीद, चर्च, किराणा दुकान, व्हॉट्सअॅप गट, त्या भाषेतलं छोटं वर्तमानपत्र यांच्यामार्फत जाणारा निरोप अशा वेळी पोचतो. मात्र ती ओळख आधीपासून असावी लागते. आणि या कामाचे पैसे द्यावेत. वर्षानुवर्षं फुकटात राबवून घेतलेल्या संस्था एक दिवस फोन उचलणं बंद करतात.

इथे भाषेपलीकडचा मुद्दाही येतो. कागदपत्रांची भीती असलेला माणूस, त्याच्या भाषेतला फॉर्म समोर असूनही तो भरत नाही. न्यू हेवन शहराने २००७मध्ये इमिग्रेशनचा दर्जा न विचारता रहिवासी ओळखपत्र देणं सुरू केलं, न्यूयॉर्कने २०१५मध्ये. न्यूयॉर्कने पुढे अर्जासोबतच्या कागदांच्या प्रती जपून ठेवणं थांबवलं, कारण जे दफ्तरात असतं ते उद्या कुणीही मागू शकतं. तुमच्या फॉर्मवर गरज नसताना जन्मस्थान किंवा नागरिकत्व विचारलं जात असेल, तर तो रकाना काढायला काहीच खर्च येत नाही.

मग निवड कशी करायची?

कुठलाही एक भाषागट फार मोठा नसेल आणि दहा-पंधरा भाषांची थोडी थोडी माणसं असतील, तर फोन आणि प्रशिक्षण घ्या, बाकी थांबू द्या. एका भाषेचे लोक खूप असतील, तर सर्वाधिक गर्दीच्या खात्यात त्या भाषेचा कर्मचारी नेमा, पण फोन सोडू नका. उरलेल्या सगळ्यांचा तोच आधार आहे. पूर, वणवा, चक्रीवादळ यांचा पट्टा असेल, तर वस्तीतल्या संस्थांना वरच्या क्रमांकावर आणा.

भाषा मोजायला जनगणना विभागाचं अमेरिकन कम्युनिटी सर्वेक्षण आहे, पण छोट्या शहरात त्याचा नमुना तोकडा पडतो आणि मराठीसारख्या भाषा मोठ्या गटात मिसळून जातात. शाळा मुलांच्या घरी बोलली जाणारी भाषा विचारतात, ती यादी जास्त उपयोगी पडेल.

कौन्सिलच्या बैठकीचंही बघा. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं असतात, आणि दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याची निम्मी वेळ भाषांतरात जाते. कॅलिफोर्नियात कायद्यानेच अशा वक्त्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, एकाच वेळी भाषांतर ऐकवण्याची यंत्रणा असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या राज्यात असा कायदा नसला तरी कौन्सिल स्वतःच्या नियमात हे एका ठरावाने घालू शकते.

करारात एक मागणी जरूर घाला: महिन्याचं बिल खातेनिहाय आणि भाषानिहाय हवं. पहिल्या तीन महिन्यांत ज्या खात्याचे कॉल शून्य दिसतील, तिथे इंग्रजी न येणारं कुणी आलंच नाही असं खातेप्रमुख म्हणतील. कार्ड काउंटरवर आहे का आणि कोड कुणाला पाठ आहे का, ते तिथे स्वतः जाऊन बघा.