सोलापुरातला ट्रॅकच्या झेंड्यांचा वर्ग: शिकवणी चांगली, कापड वाईट

विजापूर रोडवरच्या एका गॅरेजात अर्ध्या दिवसाचा वर्ग भरतो. विषय ट्रॅक डेचे झेंडे, म्हणजे हौशी रायडर रेस ट्रॅकवर बाईक चालवतात त्या दिवशी इशाऱ्याला दाखवतात ते झेंडे, बाकी काही नाही. चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोइमतूरचा कारी स्पीडवे गाठायचा बेत असलेल्या नवख्यांसाठी तो आहे. ट्रॅकवर सकाळी ब्रीफिंग होतंच, पण तेव्हा अर्धं लक्ष टायरच्या हवेत आणि हेडलाइटला चिकटपट्टी लावण्यात असतं. त्यामुळे इथूनच शिकून गेलेलं बरं.

रंग पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पैसे वसूल होतात ते त्यानंतरच्या सरावात. बाईक पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून ती उभी धरणाऱ्या स्टँडवर), रायडर टाकीवर झुकलेला, नजर समोरच्या प्लास्टिकच्या कोनवर. बाजूला झेंडा जेमतेम दोन सेकंद हलतो आणि खाली जातो. रंग ओळखायचा, शिवाय आता हातपाय काय करणार तेही सांगायचं. ताशी १२० किमी वेगात दोन सेकंद म्हणजे जवळपास ६७ मीटर, त्यामुळे मान वळवून बघणारा इथे थेट नापास.

सगळ्यात जास्त वेळ पिवळ्यावर जातो, आणि तो जायलाच हवा. पिवळा हलताना दिसला की वेग कमी, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे एकत्र असतील तर ट्रॅक थोडा किंवा पूर्ण अडलेला आहे, थांबायची तयारी ठेवायची. घोळ होतो तो पुढे. पडलेली बाईक मागे गेली की रायडरला सुटल्यासारखं वाटतं आणि तो थ्रॉटल पिळतो. बंदी मात्र हिरवा झेंडा ओलांडेपर्यंत असते. आवारात तीन कोन लावून हा टप्पा पायी चालवून घेतात: पिवळा, अपघात, हिरवा. दिसायला पोरखेळ, पण डोक्यात पक्कं बसतं. पडलेल्याकडे टक लावू नका, हेही इथेच घोकून घेतात, कारण नजर जाते तिकडेच बाईक जाते.

लालही नीट शिकवतात. लाल दिसताच करकचून ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळतो. म्हणून थ्रॉटल सावकाश सोडायचा, डावा हात वर करायचा आणि कुणालाही न ओलांडता पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या बाईक थांबवायच्या जागेत, यायचं. काही आयोजक पुढच्या मार्शल पोस्टपाशीच (झेंडा दाखवणाऱ्याच्या ठाण्यापाशीच) थांबायला सांगतात, ते ब्रीफिंगमध्ये विचारून घ्यावं. नुसता काळा आणि नारिंगी गोलाचा काळा यांतला फरकही चांगला उलगडतात. काळा बाईकच्या नंबरासह दाखवला की त्या रायडरने पिटमध्ये यायचं. गोल असेल तर बाईकमध्येच बिघाड आहे, ऑइल गळतंय किंवा सायलेन्सर लोंबतोय. ती पिटपर्यंत रेटली तर ऑइल सगळ्या लाइनवर, म्हणजे बाकीच्यांच्या जायच्या वाटेवर, सांडतं, म्हणून लगेच ट्रॅकबाहेर व्हायचं.

आता उणिवा. झेंडे साधारण ६० बाय ८० सेंटिमीटरचे आहेत. हे कार रेसिंगचं माप झालं. बाईक रेसिंगची जागतिक संघटना एफआयएम ८० बाय १०० सांगते. त्याहून खटकतं ते कापड. इतकं जाड, की वारा पडला की उलगडतच नाही, आणि घसरड्या ट्रॅकचा लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा मिटून साधा पिवळा दिसतो. चादरी-टॉवेलच्या गावात हलकं कापड मिळू नये?

पांढऱ्याचा एकच अर्थ सांगतात: पुढे अँब्युलन्स किंवा सावकाश चाललेली गाडी. मोटोजीपीत, म्हणजे बाईक रेसिंगच्या जागतिक स्पर्धेत, हाच झेंडा बाईक बदलायची मुभा देतो आणि अमेरिकेत शेवटची फेरी सांगतो, त्यामुळे व्हिडिओ बघून आलेला पोरगा गोंधळतोच. मागून वेगवान बाईक ओलांडायला येतेय असं सांगणारा निळा तर दोन वाक्यांत उरकला. आरसे काढलेल्या बाईकवर मागचं काही दिसत नाही, तेव्हा निळा दिसल्यावर घाबरून बाजूला न वळता आपली लाइन धरून ठेवायची, हे करून घ्यायला हवं होतं.

फी हेल्मेटच्या नव्या काचेपेक्षा कमी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जरूर करावा. दोन-चार ट्रॅक डे झालेल्यांनी नुसता स्टँडवरचा सराव मिळतो का ते विचारावं. उन्हाळ्यात सकाळचीच बॅच घ्या. हेल्मेट स्वतःचं न्या आणि काच पारदर्शक असू द्या, गडद काचेतून सावलीतला निळा सरळ काळा भासतो.