बिल मायक्रोकाँक्रीटचं, लिंटेलमध्ये निघाली पुट्टी

घराचं बाहेरचं काम काढलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. रंग फिका निघाला तर डोळ्यांना दिसतो. लिंटेलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळईत, काय भरलंय ते प्लास्टर झालं की कुणाच्या बापाला कळत नाही, आणि आमच्या ठेकेदारानं नेमका तिथंच हात मारला.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांचं पाणी त्यानं पाहिलंय. रस्त्याकडच्या दोन खिडक्यांवरच्या लिंटेलचं काँक्रीट खालून सुटून ढपले पडायला लागले होते, सळया उघड्या पडल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट आतून ढकलून फोडतं, त्यामुळे वरून कितीही लिंपलं तरी ते पुन्हा सुटणारच. ठेकेदारालाही हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या छापील अंदाजपत्रकात लिंटेलची नोंद वेगळी होती: सुटलेलं काँक्रीट तोडणे, सळयांचा गंज काढणे, झिजलेल्या सळयांना जोड देणे, गंजरोधक कोट, मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीचं बारीक खडीचं काँक्रीट) भरणे. दोन खिडक्यांचे छत्तीस हजार. काम करायची पद्धत खरोखर हीच आहे. कुणाही इंजिनिअरला कागद दाखवला असता तरी त्यानं मान डोलावली असती.

माणूस बोलायला गोड. पहिल्याच भेटीत माझ्या सासऱ्यांना ‘अण्णा’ म्हणायला लागला. परांची लागली, तिच्यावर हिरवं कापड चढलं आणि मागं काय चाललंय ते दिसेनासं झालं. दुपारी ठोकाठोकी ऐकू आली, संध्याकाळी बघतो तर प्लास्टर पूर्ण! लिंटेल फोडताना वरच्या भिंतीला टेकू द्यावा लागतो, तो का नाही दिला असं सासऱ्यांनी विचारलं. “एवढ्याशा खिडकीला कशाला टेकू अण्णा? होतंय की सगळं,” असं म्हणून तो हसला.

आतल्या कामाचे फोटो मागितले तेव्हा व्हॉट्सॲपवर एक आला. घासून चकचकीत केलेल्या सळया, त्यांवर करडा कोट, सगळं कसं नीट. फक्त खाली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी होती. आमच्या खिडक्या सागवानी चौकटीच्या, उभ्या गजांच्या. “वहिनी, दुसऱ्या साइटचा चुकून आला, तुमचा पाठवतो.” तो फोटो आजतागायत आलेला नाही.

पावसाळ्यात त्याच जागी आडवी चीर पडली आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरले. फोन केले तर आधी “उद्या माणूस पाठवतो”, मग नुसतीच रिंग. शेवटी ओळखीच्या एका जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यानं हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं तर बद्द आवाज. छन्नी लावल्यावर भिंतीला लावायच्या पुट्टीचे गोळे निघाले, त्यात सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद. सळयांवर गंजाचे पापुद्रे जसेच्या तसे, तारेचा ब्रशसुद्धा फिरलेला नाही. नवी सळई एकही नाही.

गवंड्यानं एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांना उपयोगाची आहे. मायक्रोकाँक्रीट पातळ असतं, ते साच्यात ओततात. थापीनं लिंपतात तो पॉलिमर मॉर्टर, आणि तो उथळ खड्ड्यांसाठी. म्हणजे बिलात मायक्रोकाँक्रीट लिहिलंय आणि लिंटेलला फळ्यांची किंवा प्लायची पेटी बांधलेली दिसली नाही, तर तिथंच काम थांबवा. सळईच्या मागून बोट फिरेल इतकं काँक्रीट काढलेलं असायला हवं. पेटी बंद व्हायच्या आत स्वतः परांचीवर चढून किंवा घरातल्या तरण्या पोराला चढवून, आपली खिडकी ओळखू येईल असा फोटो काढून घ्या. लिंटेलचे पैसे त्या फोटोनंतरच. मालाच्या रिकाम्या पिशव्याही उचलू देऊ नका, आत काय भरलं ते त्यांवरून कळतं.

पाणी कुठून येतं हेही त्या ठेकेदारानं पाहिलं नव्हतं. छज्जाचा उतार भिंतीकडं होता आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नव्हती, त्यामुळे पावसाचं पाणी छज्जाच्या पोटावरून थेट लिंटेलपर्यंत यायचं. गवंड्यानं आधी तो उतार फिरवला, खाच पाडली, मग टेकू लावून लिंटेलला हात घातला. ओतल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. खर्च अर्थात पुन्हा आमच्याच खिशातून.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. अंदाजपत्रक, पैसे पाठवल्याच्या नोंदी, तो दुसऱ्याच्या खिडकीचा फोटो आणि फोडतानाचा व्हिडिओ जोडलाय. पुट्टीचे गोळे पोत्यात बांधून ठेवलेत. ठेकेदाराचं उत्तर आलंय की पूर येणाऱ्या घराला गॅरंटी लागू होत नाही. त्यानं स्वतः सही करून दिलेल्या कार्डावर ‘पाच वर्षे’ एवढंच छापलंय, पुराचा उल्लेखही नाही. ते कार्डही जोडलंय.