रेडिएटरच्या चिरेवर इपॉक्सी पुट्टी: मे ते चवथ वापरून झाल्यावर

हार्डवेअरच्या दुकानात ती स्टीलवाली इपॉक्सी पुट्टी मिळते ना, दोन रंगांची, मळून लावायची, ती माझ्या गाडीच्या रेडिएटरवर मे महिन्यात चोर्ला घाटात लावली आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत तिथंच होती. पहिल्या दिवशी पकडलं की नाही एवढंच सगळे सांगतात, पण गोव्याचा पावसाळा काढल्यावर तिचं काय होतं हे मला तेव्हा कुठंच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी चीर कुठं जाते ते समजून घ्या कारण सगळं त्यावरच आहे. हल्लीच्या गाड्यांत मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि बाजूच्या टाक्या नायलॉनच्या, रबरी सीलवर ठेवून कडेचा पत्रा वाकवून दाबलेल्या. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि वरचा होस पाईप जिथं बसतो त्या गळ्याशी तडकतं. माझं तिथंच गेलं. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून देता यायचे, प्लास्टिकला झाळ देणार कशी, त्यामुळे रस्त्यात पुट्टी हाच खरा उपाय.

आम्ही साखळीहून बेळगावला मावशीकडे निघालेलो, केरी सोडून अंजुणे धरण मागं पडलं आणि चढावर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकायला लागला, मग बॉनेटमधून वाफ. गाडी बाजूला लावून इंजिन बंद, बॉनेट उघडलं आणि पाऊण तास काहीच केलं नाही. हे वाट बघणं सगळ्यात महत्त्वाचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, वरचा होस हाताला थंड लागला तरच ओला कपडा ठेवून सावकाश फिरवायचं. आणि कूलिंग फॅनपासून हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढली तरी तो अचानक फिरतो.

नंतरचं काम म्हणजे पुट्टी नाही, तर पुट्टीसाठी जागा तयार करणं! पाण्याची पातळी चिरेच्या खाली आणायची, जागा कोरडी खडखडीत पुसायची, कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव) चिकट असतं त्यामुळे दोन-तीनदा पुसावं लागतं, मग जाड पॉलिश पेपरने चिरेच्या आजूबाजूला बोटभर घासून खरखरीत करायचं. नायलॉन गुळगुळीत राहिलं तर पुट्टी बसते पण धरत नाही. मळताना रंग एकसारखा होईपर्यंत मळा, हातमोजे घाला कारण कातडीला खाज सुटते, आणि चिरेत अंगठ्याने दाबून भरून वरून चांगला जाड थर द्या. पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या दुप्पट थांबा, पूर्ण ताकद यायला बहुतेक पुट्टींना 24 तास लागतात आणि घाटात तेवढं कोण थांबणार.

म्हणून दुसरी युक्ती करावी लागते, प्रेशर कमी ठेवायचं. झाकण साधारण 1 बारच्या आसपास दाब धरतं, त्यामुळे पाणी 100 ऐवजी सुमारे 120 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण तोच दाब ओल्या पुट्टीला बाहेर ढकलतो. मी झाकण पहिल्या खाचेपर्यंतच लावलं, इंजिन सुरू ठेवून पाणी थोडं थोडं ओतलं (तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी कधीच नाही), एसी बंद, हीटर फुल, आणि चढायचा नाद सोडून परत केरीकडे उतरलो. मे महिन्यात हीटर लावून बसणं त्रासाचं आहे पण तो छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. उतारावर गिअरमध्येच या, इंजिन बंद करून सोडू नका, ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

साखळीच्या मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, "बरी बसली आहे रे, टाकी मागवतो, चवथीपर्यंत राहूंदे, पण लांब जाऊ नको." तसंच केलं. साधं पाणी काढून कूलंट भरलं, झाकण पूर्ण लावलं, आणि रोज डिचोली, कधी पणजी एवढंच चालवलं. जून-जुलै काहीच नाही, एक थेंबही नाही. ऑगस्टमध्ये पुट्टीच्या कडेला हिरवट-पांढरी रेघ दिसायला लागली, म्हणजे कूलंट झिरपून वाळतंय. पुट्टी स्वतः दगडासारखी होती, सुटली ती कडेने, कारण तापल्यावर प्लास्टिक जेवढं पसरतं तेवढी ती पसरत नाही. चवथीनंतर नुसती टाकी आणि सील बदलून घेतलं, पूर्ण रेडिएटर घ्यायची गरज पडली नाही, जाळी चांगली असेल तर हे विचाराच.

या काळात बाकीचे उपायही बघितले. हळद किंवा मिरपूड टाकणं ट्रकवाले करतात, जाळीतल्या सुईएवढ्या भोकाला खरंच चालतं, पण टाकीच्या चिरेला उपयोग नाही आणि तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. स्टॉप-लीकच्या (रेडिएटरमध्ये ओतून गळती बुजवायच्या औषधाच्या) बाटलीबद्दलही माझं तेच मत. गळती थांबवायला चिरेवर साबण घासायचा असेल तर नंतर पुट्टीचा विचार सोडा, साबणावर ती धरत नाही. होस फुटला असेल तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप उत्तम. वाळपईच्या मित्राच्या रेडिएटरमध्ये काटकी घुसून जाळीची एक नळी फुटली तेव्हा ती नळी कापून दोन्ही टोकं पक्कडीने चेपली आणि वर पुट्टी लावली, तो आरामात घरी पोचला.

एक तक्रार आहे, पुट्टीची उघडलेली काडी डिकीतल्या गरमीत कडेने कडक होते. लहान पाकीट घ्या, झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, आणि सोबत पॉलिश पेपर, जुना सुती कपडा, हातमोजे आणि पाण्याचे दोन कॅन असू द्या.