गाडीत एक, घरी एक: डिजिटल हॅम रेडिओसोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी मी एकाच मॉडेलचे दोन ड्युअल बँड मोबाइल सेट, म्हणजे दोन पट्ट्यांवर चालणारे, गाडीत बसवायचे वायरलेस सेट, घेतले. एक गाडीत बसवला, दुसरा घरी टेबलावर. दोन्ही ५० वॅटचे, १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झवर चालणारे, एफएम आणि डीएमआर ही डिजिटल पद्धत, दोन्ही करणारे. तेव्हापासून ओळखीचे हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणारे लोक, एकच विचारतात, "सेट कसा आहे?" सेट चांगला आहे. पण माझा या आठ महिन्यांतला वेळ सेटवर फार थोडा गेला. तो गेला कोडप्लग (सेटमध्ये भरायची चॅनलची फाइल), केबल, अँटेना आणि बॅटरीच्या वायरवर. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं जवळपास सगळं या वर्गातल्या कुठल्याही सेटला लागू पडतं.

डिजिटल घ्यायचं ठरल्यावर पहिला पेच पद्धतीचा होता. जपानच्या हॅम संघटनेनं, म्हणजे जेएआरएलनं विकसित केलेली डी-स्टार, याएसूची सिस्टिम फ्यूजन, आणि मुळात व्यावसायिक वायरलेससाठी ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेनं २००५ मध्ये प्रमाणित केलेली डीएमआर. तिन्हींची आपसात थेट भाषा जुळत नाही. डी-स्टारमध्ये कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह, सिग्नलसोबतच जातो, ही गोष्ट हॅमच्या मनाला पटणारी आहे. फ्यूजनचा सेट समोरून आलेला सिग्नल एफएम आहे की डिजिटल ते स्वतःच ओळखतो, त्यामुळे नवख्या माणसाला तो सगळ्यात सोपा. डीएमआर तिघांत किचकट. तरी मी डीएमआर घेतलं, कारण माझ्या रोजच्या रस्त्यावर आणि घराच्या टप्प्यात जे रिपीटर, म्हणजे सिग्नल उंचावरून पुन्हा प्रसारित करणारी केंद्रं, खरोखर चालू होते ते डीएमआरचे होते. महिनाभर उसन्या हँडीवर (हातात धरायच्या छोट्या सेटवर) ऐकून मग ठरवलं. माहितीपत्रकातले रकाने जुळवत बसण्यापेक्षा हे ऐकणं शंभर पटीनं उपयोगी पडलं. या तिन्ही पद्धतींचा आवाज एकाच कंपनीच्या मालकीच्या तंत्रावर चालतो, याची खंत मला आहे. म्हणून कोडेक २ हे आवाज दाबण्याचं खुलं तंत्र वापरणाऱ्या एम१७ या खुल्या पद्धतीकडे मी आशेनं बघते. पण आज गाडीत बसून बोलायचं तर पलीकडे ऐकणारं कुणी हवं.

आणखी एक क्रम पाळा. आधी परवाना आणि कॉलसाइन, मग त्यावर मिळणारा सात आकडी डीएमआर आयडी, मग सेट. आयडीशिवाय नेटवर्क तुम्हाला ओळखतच नाही. आणि आयडी आपोआप जात असला तरी तोंडानं कॉलसाइन सांगायची सवय सोडू नका.

आता कोडप्लग. एफएमच्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (रिपीटर उघडणारा स्वर) भरला की काम झालं. डीएमआरमध्ये एका चॅनलला फ्रिक्वेन्सीबरोबर कलर कोड लागतो, टाइम स्लॉट लागतो, टॉकग्रुप (नेटवर्कवरचा बोलण्याचा गट) लागतो, आणि ते चॅनल झोनमध्ये, म्हणजे चॅनलच्या एका संचात, घातल्याशिवाय सेटवर दिसतच नाही. मूळ कल्पना समजली की हे सगळं जागेवर बसतं. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर वेळेचे दोन कप्पे, म्हणजे टाइम स्लॉट, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे, आळीपाळीनं येतात. एकाच रिपीटरवर दोन निरनिराळी बोलणी एकाच वेळी चालतात ती त्यामुळे. तुमचा सेटही निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून एफएमपेक्षा कमी तापतो. कलर कोड ० ते १५ यांतला एक आकडा. तो चुकला तर रिपीटर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्लॉट चुकला तर रिपीटर उघडतो, दिवा लागतो, आणि तुम्ही भलत्याच कप्प्यात बोलत राहता.

माझे तीन दिवस मात्र रिसीव्ह ग्रुप लिस्टनं खाल्ले. सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या, हिरवा दिवा लागलेला, आणि स्पीकर गप्प. मी स्पीकरची वायर तपासली, आवाज वाढवला, सेट रिसेट केला. कारण एवढंच होतं की ज्या टॉकग्रुपवर मंडळी बोलत होती तो त्या चॅनलच्या ऐकायच्या यादीत घातलेला नव्हता. डिजिटल मॉनिटर चालू केला आणि क्षणात आवाज आला. नवीन सेट हातात आला की आधी हे डिजिटल मॉनिटरचं बटण कुठे आहे ते शोधून ठेवा. तो चालू असताना सेट यादीकडे न बघता त्या फ्रिक्वेन्सीवरचं जे असेल ते ऐकवतो, आणि दोष रेडिओत आहे की भरलेल्या माहितीत, ते दोन मिनिटांत कळतं.

दोन्हीकडे एकच मॉडेल घेण्याचा निर्णय इथे फळाला आला. एक कोडप्लग नीट बसला की तोच दुसऱ्या सेटमध्ये. हात अंधारातही बरोबर बटणावर जातो, कारण घरी रोज तेच बटण दाबलेलं असतं. पहिली आवृत्ती मी दुसऱ्या एका हॅमकडून घेतली होती. तीत शेकडो चॅनल होते आणि मला काहीच सापडत नव्हतं. शेवटी कोऱ्या पानापासून सुरुवात केली: चार झोन, प्रत्येकात दहा-बारा चॅनल, आणि प्रत्येक झोनच्या शेवटी एक एफएम रिपीटर. एक त्रास सांगितलाच पाहिजे. तिसऱ्या महिन्यात फर्मवेअर (सेटच्या आतली प्रणाली) बदललं आणि नव्या सॉफ्टवेअरनं जुनी फाइल उघडायला नकार दिला. चॅनलची यादी मी सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) काढून ठेवली होती म्हणून वाचले. आता प्रत्येक बदलानंतर तारखेच्या नावानं फाइल ठेवते, आणि फर्मवेअर आधी घरच्या सेटवर चढवून आठवडाभर बघते, मगच गाडीच्या.

गाडीतल्या जोडणीत घाई नको. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून सेट चालू होतो, कमी पॉवरवर बोलणंही होतं, आणि त्यामुळे माणूस फसतो. ५० वॅटला सेट दहा-बारा अँपिअर मागतो. ती वायर आणि तो फ्यूज त्यासाठी नसतात. माझ्याकडे पूर्ण पॉवरवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की व्होल्टेज पडून सेट बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. मग बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवला, म्हणजे पुढे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागू नये, आणि इंजिनाच्या भिंतीतून आत येताना रबरी ग्रोमेट वापरलं. ज्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे सेटची काळी वायर थेट त्या टोकाला न लावता बॉडीच्या ठरलेल्या अर्थ पॉइंटला लावावी लागते, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. गाडीचं मॅन्युअल वाचा.

सेटचं मुख्य धूड सीटखाली आणि पुढचा कंट्रोल पॅनेल वेगळा करून डॅशबोर्डवर, अशी रचना केली. पॅनेल किंवा वायर एअरबॅगच्या वाटेत येणार नाही हे आधी पाहिलं. स्पीकर मात्र सेटमधला वापरला आणि तिथे चुकलं. सीटखालून येणारा डिजिटल आवाज कार्पेटमध्ये बुडतो. हा आवाज आधीच दाबून, गाळून आलेला असतो. व्यंजनांच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि उरलेल्या कडा गाडीचा गोंगाट खातो. वेगळा स्पीकर डोक्याच्या उंचीला, खांबाशी लावल्यावर "कॉलसाइन पुन्हा सांगा" हे वाक्य माझ्या तोंडून जवळपास गेलंच. या जोडणीत सगळ्यात स्वस्त वस्तू हीच होती, आणि सगळ्यात जास्त फरक हिनंच पाडला.

अँटेना सुरुवातीला चुंबकी होती, छताच्या मध्यावर. चालते ती उत्तम, कारण चारही बाजूंना पत्रा मिळतो. पण केबल दाराच्या रबरातून आत येते आणि प्रत्येक वेळी दार लावताना चेमटते. पाचव्या महिन्यात पावसानंतर ४३५ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप, १ च्या जितका जवळ तितका चांगला) २.५ च्या वर गेला. केबल कापून पाहिली तर जाळी काळी पडलेली. आता डिकीच्या कडेला स्क्रूवर घट्ट बसणारा माउंट आहे. त्याचे स्क्रू रंग खरवडून पत्र्याला टेकले आहेत की नाही ते मल्टिमीटरनं तपासावं. रंगावर टेकलेला माउंट म्हणजे अर्थ नसलेली अँटेना. लांब, जास्त गेनची, म्हणजे सिग्नल आडव्या दिशेला एकवटणारी छडी मी काढून टाकली आणि साधी क्वार्टर वेव्ह (लहरीच्या पाव लांबीची) लावली. २ मीटर (१४४ मेगाहर्ट्झ) बँडला ती जेमतेम अर्ध्या मीटरची होते. सपाट रस्त्यावर लांब छडी थोडी पुढे जाते हे खरं. घाटात रिपीटर डोक्यावरच्या डोंगरावर असतो आणि तिथे आखूडच बरी.

चालत्या गाडीत एफएम आणि डिजिटलचा फरक दहा मिनिटांत कळतो. सिग्नल कमजोर होत गेला की एफएममध्ये खरखर वाढते, फडफड येते, पण कान लावून अर्धं वाक्य पकडता येतं. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असल्यानं आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग दोन सेकंद यंत्रमानवासारखं गुरगुरतो आणि संपतो. लांबच्या प्रवासात स्वच्छ आवाजाचं सुख मोठं आहे. पडद्यावर बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलसाइन दिसतं, नवा माणूसही ओळखीचा वाटतो. पण अडचणीच्या वेळी मी एफएमवरच जाते, म्हणून प्रत्येक झोनमध्ये तो एक चॅनल.

हाच गुण घरी माझ्या विरोधात गेला. घरच्या सेटला १३.८ व्होल्टचा, ३० अँपिअरचा पॉवर सप्लाय दिला. गच्चीवर व्हर्टिकल अँटेना चढवली आणि खाली आणायला घरात पडलेली २० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल वापरली. सेटजवळ एसडब्ल्यूआर १.२ आला, मी खूश. दोन महिने सगळं झकास वाटलं. मग काही संध्याकाळी रिपीटरवरची मंडळी सांगू लागली की आवाज मध्येच तुटतो. मला ऐकताना तर काही कळत नव्हतं. शेवटी एका अनुभवी हॅमनं विचारलं, "केबल कोणती आहे?" आरजी-५८ मध्ये ४३० मेगाहर्ट्झला २० मीटरवर ७ डीबीच्या आसपास जातात. म्हणजे ५० वॅटमधले जेमतेम १० वर पोहोचत होते, आणि येणारा सिग्नलही तेवढाच खाल्ला जात होता. एसडब्ल्यूआर सुंदर दिसत होता तोही त्यामुळेच: परत येणारी शक्ती केबलच गिळत होती, मीटरपर्यंत येऊच देत नव्हती. एफएम असतं तर पहिल्या दिवशी खरखर ऐकून मी गच्चीवर गेले असते. डिजिटल आवाज स्वच्छ होता, म्हणून मी कड्याच्या टोकावर उभी आहे हे मला दोन महिने कळलं नाही.

एलएमआर-४०० जातीची केबल टाकली. तेवढ्याच लांबीत नुकसान २ डीबीच्या आत आलं. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली, खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथून गळून पडतं, आणि अर्थ केलेला लाइटनिंग अरेस्टर बसवला. विजांचं वातावरण दिसलं तर तरीही केबल काढून ठेवते. आता घरचा सेट मी महिन्यातून एकदा एफएमवर नेऊन एका दूरच्या रिपीटरची खरखर ऐकते. ती वाढली तर वर काहीतरी बिघडतंय.

हॉटस्पॉटबद्दल, म्हणजे घरातल्या छोट्या खासगी रिपीटरसारख्या जोडणीबद्दल, हॅम मंडळींत दोन तट आहेत. मी वापरते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसलेलं एमएमडीव्हीएम जातीचं छोटं रेडिओ बोर्ड, साधारण १० मिलिवॅटचं, घरच्या इंटरनेटवरून नेटवर्कला जोडतं. पहिल्या दिवशी बिट एरर रेट (चुकीच्या बिटांचं प्रमाण) ३ टक्क्यांच्या आसपास होता. बोर्डाची फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली असते, म्हणून ती भरून काढणारा ऑफसेट १०० हर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलत गेले आणि तो अर्ध्या टक्क्याच्या खाली आला. ४५ मिनिटांचं काम आहे, टाळू नका. त्याच्याशी बोलायला हँडी सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा. मोबाइल सेटची पूर्ण ताकद एका खोलीत त्या बोर्डावर सोडली तर ते गुदमरतं. फ्रिक्वेन्सी निवडताना आपल्या देशाचा बँड प्लॅन बघा आणि १४५.८ ते १४६ व ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे उपग्रहांचे पट्टे मोकळे सोडा. नेटवर्कवर पहिली चाचणी पॅरटवर करा, तो तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकवतो. माझा माइक गेन दोन पायऱ्या जास्त होता हे मला तिथेच समजलं. आणि पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, दोन बोलण्यांमध्ये श्वासभर जागा सोडा. जगभराच्या ग्रुप ९१ वर तुम्ही बोलता तेव्हा कितीतरी देशांतले रिपीटर एकाच वेळी अडकतात. गप्पा लांबणार असतील तर समोरच्याला दुसऱ्या ग्रुपवर घेऊन जा.

आठ महिन्यांनंतरच्या सेटच्या तक्रारी किरकोळ आहेत. दुपारच्या उन्हात गाडीतला पडदा वाचता येत नाही. घरच्या सेटचा पंखा प्रत्येक पीटीटीबरोबर घरघरतो आणि रात्री शेजारच्या खोलीत ऐकू जातो. सध्या रात्री घरच्या सेटची पॉवर १० वॅटवर ठेवते. नव्या केबलवर तेवढ्यात रिपीटर आरामात उघडतो, आणि पंखा क्वचितच लागतो.