‘कोटेड’ डिस्क घेताय? आधी लेप कसला ते विचारा

ब्रेक डिस्क बदलायची वेळ आली की दुकानदार दोन खोकी पुढे ठेवतो: एकात तेलकट, काळपट साधी बिडाची डिस्क, दुसऱ्यात चंदेरी ‘कोटेड’. दुसरी थोडी महाग. पण ‘कोटेड’ या एका शब्दात तीन अगदी वेगळ्या वस्तू येतात, आणि फसगत होते ती इथेच.

सुट्या भागांच्या बाजारात सहज मिळते ती बहुधा झिंक फ्लेकची, म्हणजे जस्ताच्या बारीक चकत्यांचा लेप दिलेली. हा लेप साधारण 10 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पॅड जिथे घासतात तिथला लेप सुरुवातीच्या ब्रेकांतच निघून जातो. उरतो तो मधल्या टोपीवर (डिस्कचा उंच मधला भाग), कडेवर आणि हवा खेळायच्या फटींत. त्यामुळे झीज किंवा ब्रेक घासून उडणारी धूळ कमी होईल ही आशा ठेवू नका. मात्र रत्नागिरी, वेंगुर्ला किंवा पणजीत गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर वरचे पैसे जरूर द्या. खाऱ्या हवेतल्या साध्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवून बघा, गंजाचे पापुद्रे हाताला येतात. चाक काढताना टोपी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटून बसली की मेकॅनिकला हातोडाच घ्यावा लागतो.

दुसरा प्रकार नायट्रोकार्ब्युरायझिंगचा. हा खरं तर लेपच नाही. भट्टीत साधारण 560 अंशांना नायट्रोजन आणि कार्बन लोखंडातच मुरवतात, त्यामुळे सोलून निघायला वेगळा थर नसतो. जनरल मोटर्सने 2008 च्या सुमारास ब्यूक आणि कॅडिलॅकच्या गाड्यांना अशा डिस्क दिल्या आणि आयुष्य दुप्पट होतं असा दावा केला. गंज आणि झीज या दोन्हींवर एकाच वेळी चालणारा हा सगळ्यांत समंजस उपाय वाटतो, विशेषतः इलेक्ट्रिक गाडीसाठी. तिथे मोटरच गाडीचा वेग उतरवते, ब्रेक कमी लागतात आणि डिस्क वापराविना गंजत राहते. धोका एकच: कडक थर जेमतेम 10 मायक्रॉनचा असतो. पावसाळ्यानंतर ब्रेक खरखरतो म्हणून कुणी डिस्क लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करायला, लावली, तर ज्यासाठी पैसे मोजले तेच भुशाबरोबर गेलं.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने कडक. पोर्शने 2017 मध्ये कायेनसाठी आणलेल्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा सुमारे 0.1 मिलिमीटरचा थर आहे. धूळ 90 टक्के कमी, आयुष्य 30 टक्के जास्त, असं कंपनी सांगते. पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर मुद्दाम पांढरे रंगवले, काळवंडत नाहीत हे दिसावं म्हणून. बॉशच्या अशाच डिस्कची किंमत साध्या डिस्कच्या तिप्पट सांगितली गेली होती.

पण पर्यावरणाच्या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट मला खटकते. टंगस्टन कार्बाइड बांधून ठेवायला बऱ्याचदा कोबाल्ट वापरतात, आणि त्या जोडीची धूळ फुप्फुसांना घातक असते. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेली वेगवान लेसर पद्धत म्हणूनच मला जास्त पटते. तिच्यात पावडर डिस्कवर पडण्याआधीच लेसरच्या झोतात वितळते, त्यामुळे पातळ थर झपाट्याने चढतो. खाली स्टेनलेस स्टील आणि वर टायटॅनियम कार्बाइड अशी रचना करता येते, कोबाल्टची गरज उरत नाही.

युरोपात ही धडपड आहे ती युरो-7 या वाहन-प्रदूषणाच्या नियमामुळे. 29 नोव्हेंबर 2026 पासून तिथे नव्या मॉडेलच्या कारच्या ब्रेकधुळीलाही मर्यादा येते: बहुतेक कारना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिकला 3. आपल्या बीएस-6 मध्ये ब्रेकधुळीची अशी मर्यादा नाही, त्यामुळे तिसरा प्रकार सध्या महागड्या गाड्यांपुरताच समजा.

साध्या गाडीला मी आज असं सुचवेन: किनाऱ्यावर झिंक फ्लेक, घाटावरच्या कोरड्या हवेत चांगल्या कंपनीची साधी डिस्कही पुरेशी, आणि इलेक्ट्रिक गाडीला मूळ डिस्क नायट्रोकार्ब्युराइज्ड असेल तर बदलताना तशीच. कडक थराच्या डिस्कला मात्र तिच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात. ते मिळत नसतील, तर त्या डिस्कचे पैसे घालू नका.