सीलबंद खेळणी, पोकळ हमी

जुनी सीलबंद खेळणी विकणाऱ्या या ऑनलाइन दुकानाचं पॅकिंग चोख आहे: दुहेरी खोका, कोपऱ्यांना फोम, ब्लिस्टरवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कवचावर, ओरखडा नाही. तरी पाचपैकी तीनच तारे, कारण दुकानाची 'छुप्या दोषांची हमी'. दोष दाखवायला सील फोडावं लागतं आणि सील फुटलं की परतावा नाही. मग हमी कसली?

'आत काय आहे ते आम्हालाही दिसत नाही,' हा दुकानाचा बचाव निम्माच खरा. दोन्ही हात डावे निघणं, तलवार नसणं या कारखान्यातल्या चुका बंद खोक्यात कळत नाहीत, हे मान्य. तोच दुसरा नग हाताशी असेल तर वजन ताडून डायकास्टचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचा, गायब भाग पकडता येतो. एखाद-दोन ग्रॅमचं पिस्तूल मात्र नाही, कारण पुठ्ठा दमट हवेत तेवढं वजन सहज धरतो.

बाकीचं टाळता येण्यासारखं आहे. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊपणा देणारा पदार्थ, पाझरतो, बंद ब्लिस्टरमध्ये उडून जाऊ शकत नाही, आणि बाहुली चिकट होते. टॉर्च तिरका धरला की प्लास्टिकच्या आतल्या बाजूचा तेलकट थर न फोडता दिसतो. 'बटण दाबून पाहा' खेळण्यांत सेल आधीच घातलेले असतात. अल्कलाइन सेल गळला की आतल्या धातूच्या पट्ट्या खातो. बटण मुकं असेल तर लिस्टिंगमध्ये तसं लिहायला काय जातं?

सगळ्यात खटकतं ते माहीत असलेल्या दोषांवरचं मौन. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या काही ट्रान्सफॉर्मर्स रोबो-खेळण्यांचं सोनेरी चमकीचं प्लास्टिक ठिसूळ होऊन हात लावताच तुटतं, हे संग्राहकांत सर्वांना ठाऊक आहे. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिसं जास्त राहिलं तर गाडी फुगते, तडकते. दोन्हींचं मूळ मालातच, सील कितीही अस्सल असो. असा नग 'मिंट', म्हणजे कोरा-निर्दोष, म्हणून विकणाऱ्याला अज्ञानाची सबब चालू नये.

घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी टॉर्चच्या उजेडातले फोटो आणि झाकणाच्या गोंदाचा क्लोजअप मागा. उचकटलेले कागदाचे धागे किंवा चकचकीत ताजा गोंद दिसला तर रिसीलचा, म्हणजे उघडून पुन्हा चिकटवल्याचा, संशय घ्या. पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलापासून सलग व्हिडिओ काढा. सील फोडण्याआधी परताव्याची लेखी संमती घ्या, चॅटमधला अंगठा पुरत नाही.

खिडकीच्या खोक्यातला अलीकडचा माल इथून खुशाल घ्या. पूर्ण बंद पुठ्ठ्यातला जुना माल, या अटी आहेत तोवर, नको.