बर्फावरची एटीसी: उन्हाळ्याचा हंगाम की हिवाळ्याचा मुक्काम?

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर नाव द्यायचं ठरवलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढा तिथला उन्हाळी हंगाम करून परतायचं, की शेवटचं विमान जाऊ द्यायचं आणि पुढचा सगळा अंधार तिथेच काढायचा? अंटार्क्टिकातल्या तळांना माणसं आणि सामान पोचवणारं अमेरिकी लष्कराचं 'ऑपरेशन डीप फ्रीझ' १९५५ साली सुरू झालं, तेव्हापासून अमेरिकी नौदलाच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरांना हा प्रश्न पडत आला. १९९०च्या दशकाअखेर नौदलाने तिथलं उड्डाणांचं काम आवरतं घेतलं. आता मॅकमर्डो या अमेरिकेच्या मुख्य तळावरचं एटीसी (एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे विमानांच्या रहदारीचं नियंत्रण) नौदलाच्याच एका तांत्रिक केंद्रामार्फत, मुख्यतः कंत्राटी माणसं चालवतात, आणि त्यांतले पुष्कळ जण सैन्यातून निवृत्त झालेले कंट्रोलर असतात. गणवेश गेला तरी निवड तीच राहिली.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल कुठे आहे ते कळेल. कंट्रोलर म्हणून शिकायला, हात घासून घ्यायला जायचं असेल तर उन्हाळा घ्या. हिवाळाही करण्यासारखा आहे, पण एटीसीच्या ओढीने करण्यासारखा नाही.

काम किती आणि कसलं

उन्हाळ्यात मॅकमर्डोची वस्ती हजाराच्या घरात जाते आणि आकाशही गजबजतं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चहून येणारी मोठी मालवाहू विमानं, दक्षिण ध्रुवाकडे इंधन आणि सामान नेणारी स्कीवाली हर्क्युलिस मालवाहू विमानं, शास्त्रज्ञांच्या छावण्यांकडे जाणारी छोटी ट्विन ऑटर विमानं आणि ड्राय व्हॅलीज या बर्फ नसलेल्या खोऱ्यांकडे फेऱ्या मारणारी हेलिकॉप्टरं, हे सगळं एकाच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चाललेलं असतं. मुंबईच्या रहदारीपुढे हा आकडा किरकोळ आहे. अवघड आहे ते वेगळंच. प्रत्येक विमानाची जात निराळी, काहींना चाकं, काहींना स्की, काहींना दोन्ही, आणि खाली जमीन म्हणावी असं काहीच नाही.

विमानतळसुद्धा जागचा हलतो. अनेक वर्षं हंगामाची सुरुवात गोठलेल्या समुद्रावरच्या धावपट्टीने व्हायची. डिसेंबरात बर्फ मऊ पडायला लागला की टॉवरसकट सगळा पसारा स्कीवर ओढत विल्यम्स फील्ड या जाड, टिकाऊ बर्फावरच्या धावपट्टीकडे न्यायचा. विल्यम्स हे नाव १९५६ च्या जानेवारीत ट्रॅक्टरसह बर्फाखाली गेलेल्या नौदलाच्या एका जवानाचं. समुद्राच्या बर्फावर जड विमान फार वेळ उभं ठेवता येत नाही, बर्फ त्याच्या वजनाने खाली दबत जातो. म्हणजे कंट्रोलरने हवेतलं विमान सांभाळायचं आणि उभ्या विमानाच्या घड्याळाकडेही एक डोळा ठेवायचा.

दिशांचंही तसंच. तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून शंभर अंशांहून जास्त भलतीकडे बघते, आणि ध्रुवाजवळ सगळी रेखावृत्तं एका ठिकाणी गोळा होतात. म्हणून ग्रिनिचच्या रेखावृत्ताला समांतर अशी काल्पनिक 'ग्रिड उत्तर' धरून दिशा द्याव्या लागतात. पहिले काही दिवस अनुभवी माणसाच्या तोंडूनही चुकीचा आकडा निघू पाहतो. सवय होईपर्यंत बोलण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं, ही जुनी, साधी आणि भरवशाची युक्ती.

मागे फिरता येईल तोवरच

उन्हाळ्याच्या बाजूने माझं पारडं झुकतं त्याचं खरं कारण हे. क्राइस्टचर्च ते मॅकमर्डो सुमारे ३,८०० किलोमीटर. हर्क्युलिसला त्याला आठेक तास लागतात, आणि जाऊन न उतरता परत येण्याइतकं इंधन त्यात मावत नाही. वाटेत एक बिंदू येतो, 'पॉइंट ऑफ सेफ रिटर्न'. तोवर वैमानिक परत फिरू शकतो. तो ओलांडला की उतरायचं ते मॅकमर्डोलाच, हवा कशीही असो. आसपास दुसरा धड विमानतळ नाही.

त्या बिंदूआधी वैमानिक विचारतो: हवा कशी आहे? आणि कंट्रोलर त्याला अंदाजाचा कागद वाचून दाखवून मोकळा होत नाही. धावपट्टीवरची दृश्यता, वाऱ्याचा कल, दक्षिणेकडून सरकत येणारी वादळाची भिंत, हवामानवाल्यांचं म्हणणं आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजातला आत्मविश्वास, हे सगळं एकत्र करून तो सांगतो. तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात आणि दोन तासांनी सगळं पांढरंफटक झालं, तर ते विमान तुमच्या गळ्यात. तुम्ही घाबरून 'नको' म्हणालात, तर आठवड्यापासून वाट पाहणारे प्रवासी पुन्हा क्राइस्टचर्चला. अशा माघारी फिरलेल्या फेरीला तिथे 'बूमरँग' म्हणतात.

पांढरंफटक झाल्यावरचाही एक उपाय ठरलेला आहे. आधीच मोजून, तपासून ठेवलेल्या सपाट बर्फाच्या पट्ट्यावर स्कीवालं विमान ठरावीक दराने सरळ खाली आणत राहायचं, जमीन लागेपर्यंत. वैमानिकाला ती दिसत नाही. कंट्रोलरलाही नाही.

एरेबस, आणि कंट्रोलरच्या हाताची मर्यादा

२८ नोव्हेंबर १९७९. एअर न्यूझीलंडचं पर्यटकांचं विमान, फ्लाइट ९०१, रॉस बेटावरच्या एरेबस ज्वालामुखीवर आदळलं. २५७ जण गेले. आदल्या रात्री मार्गाचे अक्षांश-रेखांश बदलले गेले होते. कर्मचाऱ्यांना ते सांगितलं गेलं नव्हतं. आपण मॅकमर्डो साउंडवरून जातोय असं त्यांना वाटत होतं, आणि समोर ३,७९४ मीटरचा डोंगर होता. ढगाळ प्रकाशात चढता बर्फ सपाट दिसत होता.

त्या दिवशी 'मॅक सेंटर'मध्ये, म्हणजे मॅकमर्डोच्या नियंत्रण केंद्रात, अमेरिकी नौदलाचे कंट्रोलर होते. रडारच्या पल्ल्यात आल्यावर विमानाला १,५०० फुटांपर्यंत उतरवून घेण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. पण व्हीएचएफ रेडिओवरचा संपर्क टिकत नव्हता. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, आणि त्या रेषेत डोंगर होता. पुढे न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या चौकशी आयोगाने विमान कंपनीवर ठेवलेला ठपका आणि त्यावरचे वाद न्यूझीलंडमध्ये वर्षानुवर्षं गाजले. कंट्रोलरने त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. संपर्क तुटणं हा तांत्रिक बिघाड समजून थांबायचं नाही, 'मधे काय आहे?' हा प्रश्न तेव्हाच विचारायचा. नुसती शांतता हीसुद्धा माहिती असते. हे शिकायला रहदारी लागते, आणि रहदारी उन्हाळ्यातच असते.

हिवाळा

नौदलाच्या काळात फेब्रुवारीअखेर शेवटचं विमान गेलं की हंगामाआधी येणाऱ्या ऑगस्टच्या 'विनफ्लाय' फेऱ्यांपर्यंत आकाश जवळजवळ रिकामं असायचं. सूर्य एप्रिलच्या शेवटी मावळतो तो ऑगस्टमध्ये वर येतो. वस्ती दोनशेच्या आत. या काळात कंट्रोलर काय करतो? हवामानाच्या नोंदी, लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर इतर तळांशी बोलणं, यंत्रांची देखभाल, पुढच्या हंगामाची तयारी, आणि जे पडेल ते काम. सौर वादळ आलं की एचएफही गप्प होतो.

अपवाद आहेत, आणि ते थरारक आहेत. १९६४ च्या जूनमध्ये एका जखमी नौसैनिकाला नेण्यासाठी भर हिवाळ्यात हर्क्युलिस उतरलं. २००८ च्या सप्टेंबरात सी-१७ हे मोठं मालवाहू विमान नाइट व्हिजन गॉगल्सच्या साहाय्याने पहिल्यांदा अंधारात उतरलं, आणि हिवाळ्यातल्या फेऱ्या पूर्वीइतक्या अशक्य राहिल्या नाहीत. तरीही असा दिवस आपल्या वाट्याला येईल या आशेवर सहा महिने कोणी काढू नयेत.

मग हिवाळ्यात काय मिळतं? माणूस म्हणून बरंच. नौदलाने हिवाळा करणाऱ्यांची मानसिक चाचणी पहिल्या काही वर्षांतच सक्तीची केली, ती उगाच नाही. झोप बिघडते, विसराळूपणा वाढतो, दुसऱ्याच्या चमच्याचा आवाजही डोक्यात जातो. अमेरिकेच्या अंटार्क्टिका सेवा पदकावर हिवाळा काढणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी असते: पहिल्या हिवाळ्याला कांस्य, दुसऱ्याला सोनेरी, तिसऱ्याला चांदीची. सोनं चांदीच्या आधी का, याचं कोडं मला सुटलेलं नाही. पैसे दोन्हीकडे साठतात, कारण खर्चायला जागा नाही. त्यावरून निवड करू नये.

कोणी कुठे जावं

कंट्रोलरचं रेटिंग, म्हणजे कामाची पात्रता, ताजं आहे, जहाजावर किंवा लष्करी तळावर काम केलंय, आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना पोटात गोळा येतो पण हात थांबत नाही, अशा माणसाने उन्हाळा घ्यावा. बारा तासांच्या पाळ्या आणि चोवीस तासांचं ऊन यांत झोप कशी लावायची ते आधी शिकून जावं, खिडकीला लावायला जाड काळं कापड न्यावं. ज्याला रेडिओची, यंत्रांची, हवामानाची मनापासून आवड आहे आणि रहदारीपासून वर्षभर लांब राहिलं तरी चालेल, त्याने हिवाळा. पण परतल्यावर पुन्हा चाचण्या द्याव्या लागतील, याची तयारी ठेवा. हात गंजतो.

घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर प्रश्नच नाही. हिवाळ्यात परत यायला विमान मिळेल असं धरून चालता येत नाही.

मॅकमर्डोच्या एटीसीचं दार प्रामुख्याने अमेरिकी सेवेतून येणाऱ्यांसाठी उघडतं. इथून जायचं असेल तर वाट गोव्यातून जाते. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली होती, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि आजही वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मोहिमेचा कारभार पाहतं. मैत्री आणि भारती या भारताच्या तळांवर टॉवर नाही. मैत्रीकडे जाणारी माणसं केपटाउनहून जवळच्या रशियन 'नोवो' धावपट्टीवर उतरतात, आणि तिथला कारभार भारताकडे नाही. पण सैन्यदलांतून डॉक्टर, दळणवळण आणि रसद सांभाळणारी माणसं भारतीय मोहिमांवर जात आली आहेत, आणि उन्हाळी तुकडी की हिवाळी, हा प्रश्न तिथेही आहेच. एम्समधली तपासणी आणि उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फातलं प्रशिक्षण, दोन्ही पार करावं लागतं. नौदलातल्या कंट्रोलरला तिथे एटीसी मिळणार नाही, रेडिओरूम मिळू शकेल. तसं असेल तर माझा वरचा सल्ला उलटा करून वाचा: रहदारीच नाही, तर उन्हाळ्याचा हट्ट कशाला, हिवाळाच करा.